एकाच खोलीतील दोघे : एचआयव्हीसह जगणाऱ्या दांपत्यातील क्षयरोगाच्या जोखमीचा प्रकरण अभ्यास

नाशिक जिल्ह्यातील पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांकडे कामासाठी उतरतात. छाटणी, डिपिंग, विरळणी आणि काढणी अशी कामे उक्ती घेणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायको जोडीने राबतात आणि शिमग्यापर्यंत बागेवरच्या पत्र्याच्या खोलीत राहतात. या अभ्यासातील दांपत्य अशाच एका टोळीतले आहे. दोघेही एचआयव्हीसह जगणारे असून दोघांची नोंदणी नाशिक शहरातील एकाच एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रात, एकाच आठवड्यात झाली. दोघांना सारखीच औषधे मिळत होती आणि दोघेही ती नियमित घेत होते. तरीही दीड वर्षानंतर पत्नीला क्षयरोग झाला आणि पतीला झाला नाही. या फरकाचा मोठा भाग शरीरशास्त्राने समजावता येतो, पण काही भाग असा आहे की तो केवळ एका पुढे ढकललेल्या आणि मग कोणाच्याच वाट्याला न आलेल्या निर्णयामुळे घडला. तो निर्णय कोठे निसटला हे तपशिलाने पाहणे, हाच या लेखनाचा हेतू आहे.

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्यानुसार कोणाही व्यक्तीच्या एचआयव्ही स्थितीची गोपनीयता राखणे बंधनकारक आहे. म्हणून हे प्रकरण कोणा एका कुटुंबाचे नाही. या भागात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या घटनाक्रमांतून ते जुळवले आहे, आणि त्यातील वये, तारखा व आकडे त्या जुळणीचाच भाग आहेत. औषधांच्या मात्रा, चाचण्या आणि कार्यक्रमाचे नियम मात्र प्रत्यक्षातलेच आहेत.

नोंदणीच्या वेळची स्थिती

ऑगस्ट २०२२ मध्ये पती, वय ३८, अंगावर नागीण उठल्यामुळे नाशिकच्या रुग्णालयात आला. तरुण किंवा मध्यमवयीन माणसाला नागीण झाली तर एचआयव्ही चाचणी सुचवावी लागते, कारण प्रतिकारशक्ती खालावू लागल्याचे ते एक आरंभीचे चिन्ह असू शकते. त्याची चाचणी सकारात्मक आली. चार दिवसांनी तो पत्नीला, वय ३३, घेऊन आला आणि तिचीही चाचणी सकारात्मक आली. आठ वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा यांच्या चाचण्या सुदैवाने नकारात्मक निघाल्या.

सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींची दर घनमिलिमीटर रक्तातील संख्या पतीची ४१८ होती आणि पत्नीची १६४. म्हणजे आजाराची तक्रार घेऊन आलेला पती तुलनेने सुस्थितीत होता, आणि स्वतःहून कसलीही तक्रार न सांगणारी पत्नी प्रगत एचआयव्ही आजाराच्या टप्प्यात होती. ही संख्या २०० च्या खाली गेली की तो टप्पा मानला जातो. तिचे वजन ४६ किलो होते.

एआरटी केंद्रात प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारले जातात : खोकला आहे का, ताप आहे का, वजन घटले आहे का आणि रात्री घाम येतो का. पतीने चारही प्रश्नांना नाही म्हटले. त्यामुळे एआरटीबरोबरच त्याला क्षयरोग प्रतिबंधक उपचार म्हणून रोज ३०० मिलिग्रॅम आयसोनियाझिड आणि हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून पायरिडॉक्सिन, असे सहा महिन्यांसाठी सुरू झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने ते पूर्ण केले. पत्नीने मात्र आठ दिवसांपासून अंगात कणकण असल्याचे सांगितले. चारपैकी एक जरी लक्षण असले तरी प्रतिबंधक उपचार लगेच सुरू करायचा नसतो, आधी क्षयरोग नाही याची खात्री करायची असते. कारण शरीरात प्रत्यक्ष क्षयरोग असताना एकटे आयसोनियाझिड दिले तर जंतूंना त्या औषधाची सवय होऊन औषधप्रतिरोध निर्माण होण्याची भीती असते. म्हणून तिचा प्रतिबंधक उपचार थांबवण्याचा निर्णय पूर्णपणे योग्य होता. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. बेडका निघत नसल्याने तपासणीला देता आला नाही. पावसाळ्याचे दिवस होते, आणि आठवड्यात ताप उतरला. तिच्या पत्रकावर प्रतिबंधक उपचाराच्या रकान्यात ‘पुढील भेटीत’ अशी नोंद झाली. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डॉल्यूटेग्रॅव्हिर यांची एआरटीची एकत्रित गोळी आणि इतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोल सुरू झाले.

त्यानंतर ती तीन वेळा केंद्रात आली. तिन्ही वेळा चारही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी होती, म्हणजे प्रतिबंधक उपचार सुरू करण्यास कोणतीही आडकाठी उरली नव्हती. पण त्या नोंदीला तारीख नव्हती, ती कोणी पुन्हा उघडायची हे ठरलेले नव्हते आणि पत्रकाचे ते पान मागे पडले होते. सहा महिन्यांनी विषाणूभार, म्हणजे रक्तातील एचआयव्हीचे प्रमाण, मोजण्याच्या मर्यादेखाली गेला. वर्षाने, म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये, तिची सीडी-४ संख्या २४८ झाली. अहवाल चांगले येत गेले आणि त्यामुळेच राहून गेलेल्या गोष्टीकडे पाहण्याचे कारण कोणाला जाणवले नाही. गर्दीच्या केंद्रात समुपदेशकाच्या टेबलावर दिवसभर माणसांची रीघ लागलेली असते आणि ज्याचे अहवाल बिघडले आहेत त्याच्याकडे लक्ष आधी जाते. हे समजण्यासारखे आहे, पण म्हणूनच अशी गोष्ट स्मरणशक्तीवर सोपवता येत नाही.

जोखीम किती आणि कशामुळे

जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात क्षयरोगाच्या जंतूंचा शिरकाव कधी ना कधी झालेला असतो. त्यांच्यापैकी एचआयव्ही नसलेल्यांना आयुष्यभरात प्रत्यक्ष क्षयरोग होण्याची शक्यता पाच ते दहा टक्के धरली जाते. एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि उपचार न घेणाऱ्या माणसाला जवळपास तेवढीच शक्यता दर वर्षाला असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि त्यांपैकी ६.१ टक्के एचआयव्हीसह जगणारे होते. परंतु त्या वर्षी क्षयरोगाने झालेल्या १२.५ लाख मृत्यूंपैकी १ लाख ६१ हजार मृत्यू त्यांचे होते. रुग्णसंख्येतला वाटा आणि मृत्यूंतला वाटा यांतील हे अंतर मुख्यतः उशिरा होणाऱ्या निदानाकडे बोट दाखवते, असे मला वाटते.

निदानाला उशीर होण्याचे मूळ आजाराच्या स्वरूपातच आहे. निरोगी माणसाच्या फुप्फुसात क्षयरोगाचा जंतू शिरला की भक्षक पेशी आणि सीडी-४ पेशी त्याच्याभोवती जमून गाठीसारखा वेढा घालतात आणि जंतू वर्षानुवर्षे तेथेच अडकून राहतो. ओढ्याच्या पाण्याला बांध घालावा तसे हे असते. एचआयव्ही नेमक्या सीडी-४ पेशीच संपवतो, त्यामुळे बांधाची माती निघून जाते आणि जंतू फुप्फुसाबाहेर लसिका गाठी, फुप्फुसाचे आवरण, पोट, मेंदूचे आवरण अशा ठिकाणी पसरू शकतात. याच कारणाने फुप्फुसात पोकळी पडणे, भरपूर बेडका येणे, बेडक्यात जंतूंची गर्दी असणे ही क्षयरोगाची सर्वांच्या ओळखीची चिन्हे अशा रुग्णांत कमी दिसतात, कारण ती चिन्हे जंतूंमुळे जितकी, तितकीच शरीराच्या प्रतिकारामुळे उमटतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर बेडक्यात ते साधारण ५,००० ते १०,००० असावे लागतात. तेवढे नसतील तर अहवाल नकारात्मक येतो आणि रुग्ण समाधानाने घरी जातो.

एआरटीने ही जोखीम बरीच कमी होते. अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष पाहता हे प्रमाण सुमारे ६५ टक्के आहे. तरीही विषाणूभार दाबला गेला म्हणून क्षयरोगाची शक्यता एचआयव्ही नसलेल्या शेजाऱ्याइतकी खाली येत नाही, आणि सीडी-४ पेशी १६४ वरून २४८ वर आल्या म्हणजे वेढा पुरता बांधला गेला असेही नाही. उरलेली जोखीम उतरवण्याचे काम प्रतिबंधक उपचार करतो आणि तो एआरटीला पर्याय म्हणून नव्हे, तर जोडीने द्यायचा असतो. पतीला दोन्ही मिळाले. जिला जास्त गरज होती तिला एकच मिळाले.

हंगामातील गोळ्यांचे वाटप

नोव्हेंबर २०२३ मध्ये कुटुंब दिंडोरी तालुक्यातील बागेवर आले तेव्हा दोघांची प्रकृती स्थिर असल्याने केंद्राने त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला सुरुवात केली. ही सोय मोलाची आहे. नाशिकला जाऊन यायचे म्हणजे दिवसाची हजेरी बुडते, आणि दोघे गेले तर दोन हजेऱ्या बुडतात. शिवाय विरळणीच्या दिवसांत टोळीतली जोडी गैरहजर राहिली की मुकादमाची बोलणी ऐकावी लागतात ती वेगळीच. दर महिन्याच्या या ओढाताणीमुळेच पूर्वी अनेकांचे औषध सुटत असे. त्यामुळे तीन महिन्यांचे वाटप बंद करावे असे या प्रकरणावरून कोणी म्हणू नये.

पण या सोयीबरोबर एक गोष्ट निसटली. पती एकटा येऊन दोघांच्या गोळ्या नेऊ लागला आणि चार प्रश्न त्यालाच विचारले जाऊ लागले. पत्नीविषयी विचारले की ‘ती बरी आहे’ असे उत्तर मिळे. ते खोटे नव्हते. पहाटेपासून दुपारपर्यंत जी बाई बागेत उभी असते ती घरच्यांच्या दृष्टीने बरीच असते.

डिसेंबरच्या अखेरीस तिला रोज संध्याकाळी कणकण वाटू लागली. खोकला नव्हता. जेवण कमी झाले. जानेवारीत जवळच्या गावातील एका खासगी दवाखान्यात टायफॉइडची रक्तचाचणी होऊन सलाईन लावले गेले. दुसऱ्यांदा ताप आला तेव्हा लिव्होफ्लॉक्सासिन दिले गेले आणि ताप दहा-बारा दिवस खरोखरच उतरला. येथे थोडे थांबायला हवे. लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधे क्षयरोगाच्या जंतूंवरही काही अंशी काम करतात; म्हणून ती अंदाजाने दिली की ताप दबतो, पुढच्या तपासण्यांत जंतू सापडणे अवघड होते आणि निदान आणखी लांबते. एकटी दिली तर या मौल्यवान औषधाला जंतू दाद देईनासे होण्याचाही धोका असतो. नाशिकसारख्या जिल्ह्यात जेथे तापाचा रुग्ण बहुधा आधी खासगी दवाखान्यातच जातो, तेथे दोन आठवड्यांहून जुन्या तापाला या गटातील औषध देण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करावी, एवढी एक सवय लागली तरी पुष्कळ आठवडे वाचतील. तिने आपण एआरटी घेत असल्याचे तेथे सांगितले नव्हते. बाहेरच्या बाकावर टोळीतल्याच बायका बसलेल्या होत्या, त्यामुळे तिला दोष देता येत नाही.

निदान

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात पती गोळ्या न्यायला आला. समुपदेशक बाईंनी या वेळी ‘बरी आहे का’ असे न विचारता वेगळे विचारले. ताईंचे कपडे सैल झाले आहेत का, पहाटे उशी ओली होते का, चालताना मध्येच थांबावे लागते का? पती म्हणाला, “कामानं उतरलीय मॅडम. बांगड्या पार कोपरापर्यंत चढतात. अन् आता उजव्या कुशीत दुखतं म्हणते.” एवढ्या एका वाक्यात वजन घटणे आणि छातीतील दुखणे या दोन्ही गोष्टी आल्या. त्यांनी गोळ्या दिल्या, पण पत्नीला दोन दिवसांत आणण्याचे वचन घेतले आणि त्या दिवशी रांगेत न थांबवता थेट आत घेण्याची सोय करून ठेवली.

तिसऱ्या दिवशी बाजाराला निघालेल्या पिकअपमधून ती आली. वजन ३८ किलो भरले. उजव्या बाजूला श्वासाचा आवाज मंद होता, एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाभोवती पाणी दिसले, पण फुप्फुसात पोकळी किंवा डाग नव्हता. बेडका याही वेळी निघाला नाही. छातीतील पाणी काढले तेव्हा ते गवती पिवळसर होते, त्यात प्रथिने जास्त होती, पेशींमध्ये लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी बहुसंख्य होत्या आणि क्षयरोगात वाढणाऱ्या एडीए या विकराचे प्रमाण ७८, म्हणजे जास्त होते. हे सारे क्षयरोगाकडे निर्देश करणारे होते. त्याच पाण्याची सीबीनॅट ही जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी मात्र नकारात्मक आली. फुप्फुसाच्या आवरणातील पाण्यात जंतू फारच विरळ असतात आणि या चाचणीची शोधक्षमता तेथे कमी पडते, त्यामुळे तेथील नकारात्मक अहवालाने क्षयरोग नाकारता येत नाही. डॉक्टरांनी निदानाचा पाठपुरावा सोडला नाही. नीट चाचपून पाहिले असता उजव्या गळपट्टीच्या हाडावरच्या खळीत एक लहान गाठ हाताला लागली. सुईने काढलेल्या तिच्या द्रवात सीबीनॅटने क्षयरोगाचे जंतू दाखवले आणि रिफाम्पिसिनला प्रतिरोध नसल्याचेही स्पष्ट केले. त्याच वेळी सीडी-४ संख्या १८२ निघाली. सक्रिय क्षयरोगात ती तात्पुरती खाली येते. विषाणूभार अजूनही मोजण्याच्या मर्यादेखालीच होता, म्हणजे ती एआरटी नियमित घेत असावी.

येथे चार प्रश्नांच्या मर्यादेविषयी सांगणे अगत्याचे आहे. एआरटी न घेणाऱ्यांत हे प्रश्न क्षयरोगाचे बहुतेक रुग्ण टिपतात, पण एआरटी घेणाऱ्यांत लक्षणे सौम्य राहत असल्याने जवळपास निम्मे रुग्ण या जाळ्यातून सुटतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रश्नांच्या जोडीला छातीचा एक्स-रे आणि शरीरातील दाह दाखवणारी रक्तातील सीआरपी चाचणी यांचाही छाननीत समावेश केला. शिवाय सीडी-४ संख्या २०० च्या खाली असलेल्या रुग्णासाठी लघवीत जंतूंच्या आवरणाचा अंश शोधणारी लॅम ही सोपी चाचणी उपलब्ध आहे, आणि जेथे बेडकाच निघत नाही तेथे तिचे महत्त्व अधिक आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पत्नीची ही चाचणी झाली असती आणि ती नकारात्मक आली असती, तर प्रतिबंधक उपचाराचा निर्णय त्या वेळीच घेणे डॉक्टरांना पुष्कळ सोपे गेले असते.

संसर्ग कोठून आला

आजाराचे निदान झाल्यावर घरच्यांचा पहिला समज असा होता की बागेतल्या फवारणीने तिची छाती भरली. दुसरा समज टोळीत कुजबुजला गेला तो असा की तिने आजार आणला आणि आता तो पोरांना लागेल. प्रत्यक्षात दिशा उलटी होती. फुप्फुसात व्रण नसलेली आणि खोकला नसलेली ही स्त्री जंतू हवेत सोडण्याच्या दृष्टीने फारशी धोक्याची नव्हती.

तिचे सासरे, वय ६६, गावी एकटे राहू शकत नसल्याने दिवाळीपासून शिमग्यापर्यंत बागेवरच्या खोलीत मुलाकडे राहत आणि आईवडील कामावर गेले की लहान नातवाला सांभाळत. त्यांना दोन वर्षांपासून खोकला होता. बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा खोकला घरात दमा म्हणूनच धरला जातो. त्यांच्या बेडक्याच्या चाचणीत क्षयरोगाचे जंतू मोठ्या प्रमाणात आढळले आणि एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी दिसली. त्यांच्यात एचआयव्ही नव्हता. प्रतिकारशक्ती शाबूत असल्यामुळेच पोकळी पडली होती आणि प्रत्येक खोकल्याबरोबर जंतू त्या एका खिडकीच्या खोलीत पसरत होते. थंडीच्या रात्री ती खिडकीही पोत्याने बंद केलेली असे. त्या हवेत पती आणि पत्नी दोघांनी सारखाच श्वास घेतला. पतीच्या पाठीशी चांगली सीडी-४ संख्या आणि वर्षापूर्वी पूर्ण केलेले आयसोनियाझिड होते. यांपैकी कोणत्या गोष्टीने त्याला किती वाचवले हे एका माणसापुरते सांगता येत नाही, परंतु पत्नीकडे दोन्ही नव्हत्या.

घरातील तपासणी करताना गोपनीयतेचा प्रश्न नाजूक झाला. सासऱ्यांना आणि टोळीला दांपत्याच्या एचआयव्हीविषयी काही माहीत नव्हते. क्षयरोगाच्या रुग्णाच्या घरी संपर्कातील सर्वांची तपासणी होतेच, तेव्हा आशा सेविका आणि क्षयरोग कार्यक्रमाचे कर्मचारी बागेवर गेले ते सुनेला छातीचा क्षयरोग झाला एवढ्याच कारणाने. उपचार पर्यवेक्षकांना नोंदीतून एचआयव्हीची माहिती होती, आशा सेविकेला ती देण्याचे काही कारण नव्हते आणि ती दिली गेली नाही. “बाबा, तुमच्या खोकल्याचीही तपासणी करून टाकू,” एवढे म्हणणे पुरेसे ठरले. चार वर्षांच्या नातवाला क्षयरोग नाही हे पाहून प्रतिबंधक उपचार सुरू झाला. मुलगी आश्रमशाळेत असल्याने तिच्यापर्यंत पोहोचायला सुट्टीची वाट पाहावी लागली, पण तिचीही तपासणी होऊन उपचार सुरू झाला. पतीची छाननी नव्याने, एक्स-रेसह झाली आणि त्यात काही आढळले नाही.

उपचार

क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा ठरला : दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल ही चार औषधे आणि पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमाच्या वजनगटांप्रमाणे ३५ ते ४९ किलोच्या रुग्णाला एकत्रित गोळ्या रोज तीन द्यायच्या असतात. एआरटी आधीच सुरू असल्याने ती थांबवायची नव्हती. नवीन रुग्ण असता तर क्षयरोगाची औषधे आधी आणि ती सोसतात हे पाहून साधारण दोन आठवड्यांनी एआरटी, असा क्रम लागला असता.

या दोन उपचारांमध्ये एक महत्त्वाचा अडथळा आहे. रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना चेतवते आणि त्यामुळे डॉल्यूटेग्रॅव्हिर शरीरातून लवकर बाहेर पडते. म्हणून नेहमीच्या गोळीनंतर बारा तासांनी डॉल्यूटेग्रॅव्हिरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी घ्यावी लागते आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवावी लागते. ही संध्याकाळची गोळी विसरली गेली तर क्षयरोग बरा होत असताना एचआयव्ही डोके वर काढू शकतो. तिला सकाळी सहा आणि संध्याकाळी एक अशा सात गोळ्या होत्या. सकाळी उपाशीपोटी गोळ्या घेऊन कामाला गेल्यावर मळमळ होऊ लागली, तेव्हा यकृताच्या चाचण्या करून घेतल्या; त्या ठीक आल्यावर थोडी नागलीची भाकरी खाऊन मग गोळ्या घ्यायला सांगितले आणि त्रास आटोक्यात आला.

सहाव्या आठवड्यात खळीतली गाठ लहान होण्याऐवजी वाढली आणि ताप पुन्हा आला. औषध लागू पडत नाही असे कुटुंबाला वाटणे साहजिक होते, आणि उपचार सोडून देण्याचा विचारही झाला. लसिका गाठींच्या क्षयरोगात उपचाराने मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया उसळून गाठ तात्पुरती फुगते, हे वारंवार दिसते. सुरुवातीलाच गाठीतून जंतू मिळवून रिफाम्पिसिनचा प्रतिरोध नसल्याचे समजले होते, गोळ्याही चुकलेल्या नव्हत्या. त्यामुळे डॉक्टरांना औषधे न बदलता धीर देता आला आणि तीन आठवड्यांत गाठ ओसरली. छातीतील पाण्यावर समाधान मानून गाठ तपासली नसती, तर या वळणावर सगळेच अंधारात चाचपडत राहिले असते.

दोन महिन्यांनी वजन ४१ किलो झाले. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या रेशन्स या पोषण आहाराविषयीच्या अभ्यासात असे दिसले होते की पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वजन वाढलेल्या क्षयरुग्णांत मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी राहिला. तो अभ्यास एचआयव्हीपुरता नव्हता, पण वजनाची वाढ हे उपचाराचेच एक माप म्हणून पाहायला तो शिकवतो. क्षयरुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेतून तेव्हा दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे. तिच्या बाबतीत खाते गावाकडच्या शाखेत असल्याने पैसे हातात यायला उशीर झाला आणि ज्या महिन्यांत अंडी-डाळींची खरी गरज होती ते महिने उसनवारीवर गेले.

उपचारानंतरची व्यवस्था

सप्टेंबर २०२४ मध्ये तिचा क्षयरोगाचा उपचार पूर्ण झाला. वजन ४६ किलोवर आले आणि एक्स-रेमध्ये आवरणाचा किंचित जाडपणा सोडला तर फुप्फुस मोकळे होते. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला क्षयरोगाचा उपचार संपल्यावरही प्रतिबंधक उपचार देण्याची पद्धत आपल्या कार्यक्रमात आहे, कारण अशा व्यक्तीला क्षयरोग पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. त्यानुसार तिला लगेच सहा महिन्यांचे आयसोनियाझिड सुरू झाले. दोन वर्षांपूर्वी राहून गेलेला हा उपचार आता नव्या हंगामाच्या मधोमध चालवावा लागणार होता.

केंद्राने या काळात प्रतिबंधक उपचार लांबणीवर पडलेल्या सर्वांची वेगळी यादी केली. प्रत्येक नावापुढे लांबणीचे कारण, ते दूर झाले की नाही हे पाहण्याची ठरलेली तारीख आणि जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव असते आणि महिन्याच्या बैठकीत यादी वाचली जाते. घरचा माणूस दुसऱ्याच्या गोळ्या न्यायला आला तर गोळ्या त्याच्याकडे दिल्या जातात, पण त्याच वेळी ज्याच्या गोळ्या आहेत त्याला फोन लावून चार प्रश्न थेट विचारले जातात. आणि तीन महिन्यांतून एकदा जवळच्या उपकेंद्रात वजन करून त्याचा आकडा कळवायचा असतो. माझ्या मते यांतला वजनाचा आकडाच सर्वांत उपयोगी ठरेल, कारण त्यासाठी रुग्णाला काही लपवावे किंवा सांगावे लागत नाही.

२०२४ च्या दिवाळीनंतर टोळीने निफाड तालुक्यात काम घेतले. सासऱ्यांचा उपचार त्याआधीच पूर्ण झाला होता आणि उपचाराच्या अखेरीस केलेल्या बेडक्याच्या तपासणीत जंतू आढळले नव्हते. नव्या बागेवरच्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या आहेत. पत्नीच्या पत्रकावर पूर्वी पतीचा फोन क्रमांक होता, तो बदलून आता तिचा स्वतःचा लिहिला आहे, आणि मार्च २०२५ मध्ये तिचे आयसोनियाझिड पूर्ण झाल्याची नोंद त्याच पत्रकावर तारखेसह झाली आहे.